एका वाईसची पकड

मित्रांनो, सोलापुरात जुळे सोलापूर भागात एक बैठं घर आहे आणि त्या घराच्या परसात पत्र्याची एक छोटी शेड. त्या शेडमधल्या टेबलावर चार बोल्टांनी घट्ट बसवलेला मी एक जुना वाईस. पुस्तकात मला शेगडा म्हणतात, पण त्या नावानं आजवर मला कुणी हाक मारलेली नाही. मला दोन जबडे आहेत. एक जागेवर पक्का, आणि दुसरा दांडा फिरवला की मागेपुढे सरकणारा. लोखंडाचा तुकडा कापायचा, घासायचा किंवा वाकवायचा असेल, तर आधी तो कुणीतरी हलू न देता धरावा लागतो. ते धरायचं काम माझं.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतलं गेलं आणि थंड झाल्यावर माझं अंग साच्यातून बाहेर आलं. मग मला घासलं, आटे पाडले, हिरवा रंग दिला आणि ट्रकमधून सोलापूरला पाठवलं. इथं गुरुसिद्धप्पा नावाच्या कारागिरानं मला विकत घेतलं. त्यांचं यंत्रमागाचे भाग दुरुस्त करायचं दुकान होतं. तेव्हा त्या पेठेत गल्लोगल्ली माग धडधडत असत. एखादा माग बंद पडला की माणूस तुटका भाग हातात घेऊन धावत दुकानात यायचा. गुरुसिद्धप्पा तो भाग माझ्या जबड्यांत धरायचे, दांडा आवळायचे आणि कानस चालवायचे.

त्यांची एक सवय होती. दुकान बंद करण्याआधी ते ब्रशनं माझ्या अंगावरचा लोखंडाचा कीस झाडायचे आणि आट्यांना तेल द्यायचे. गिऱ्हाइकानं त्यांच्या कामाचं कौतुक केलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्यानं धरलं म्हणून झालं बघा."

पण पुढं माग कमी होत गेले. भंगाराच्या गाड्या भरभरून ते पेठेतून गेले. गुरुसिद्धप्पांचे गुडघे उभं राहू देईनात. दुकान विकलं गेलं आणि त्यातलं सामान वजनावर गेलं. मीही गेलो. भंगारवाल्याच्या आवारात मोडक्या सायकली आणि फुटक्या टाक्यांमध्ये मी पडून राहिलो. हिरवा रंग उडाला. आटे गंजून बसले. माझ्या उघड्या जबड्यांत एका साळुंकीनं काड्याही आणून ठेवल्या होत्या. मित्रांनो, ज्याचं काम धरायचं आहे, त्याच्या तोंडात काड्या याव्यात, याचं मला वाईट वाटे. पण सांगणार कुणाला?

एका रविवारी तिथं इंद्रजीत आला.

इंद्रजीत पंचेचाळिशीचा. विम्याच्या कचेरीत नोकरीला. तो मूळचा मोहोळजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. दिवसभर संगणकापुढं बसून त्याचे डोळे शिणायचे आणि हात मात्र रिकामेच राहायचे. मोबाइलवर लोक घरच्या घरी लोखंडाच्या वस्तू करताना बघून त्यालाही तो नाद लागला. परसातली शेड त्यानं रिकामी केली आणि एकेक सामान आणायला सुरुवात केली. आधी ड्रिल मशीन आलं, मग ग्राइंडर, मग छोटं वेल्डिंग मशीन. मला त्यानं सगळ्यांत शेवटी आणलं, तेही व्हिडिओतला माणूस "आधी वाईस घ्या" असं पुन्हा पुन्हा सांगत होता म्हणून.

त्यानं मला रॉकेलमध्ये भिजवलं, तारेच्या ब्रशनं घासलं, तेल घालून आटे मोकळे केले. कितीतरी दिवसांनी माझा जबडा पुढं सरकला. मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

तरी खरं सांगायचं तर इंद्रजीतचा कारखाना तेव्हा सामानानं भरलेला आणि शहाणपणानं जरा रिता होता. त्यानं मला अभ्यासाच्या जुन्या टेबलावर दोनच बोल्टांनी बसवलं. करवत चालवली की टेबल शेडभर फिरायचं आणि तो मागं मागं चालायचा. स्वस्तातले ड्रिलचे बिट जाड लोखंडात वाकायचे. पहिल्या वर्षात त्यानं मोबाइल ठेवायचा एक स्टँड आणि टॉवेल अडकवायचा एक वाकडा आकडा केला. त्याची बायको ऋतुजा शाळेत शिक्षिका आहे. तिनं तो आकडा न्हाणीघरात लावला आणि म्हणाली, "अहो, टॉवेल घसरतो, पण राहू दे." एवढ्यावरही तो खूश होता.

पुढच्या उन्हाळ्यात इंद्रजीतची आई, बजाबाई, गावाहून इथं राहायला आली. राहायला आली म्हणण्यापेक्षा तिला आणावं लागलं. लकव्याचा झटका आला आणि तिचा डावा हात गेला. पाय सावरले, बोलणं सावरलं, पण हात लोंबतच राहिला. गावात ती एकटी राहायची. स्वतःचं घर, दोन शेळ्या, दारात शेवग्याचं झाड. हे सगळं सोडून ती परसातल्या पायरीवर बसायची. माझ्या शेडला परसाच्या बाजूला जाळीची खिडकी आहे, त्यातून मला ती दिसायची. तिला घरात कुणी काही कमी पडू देत नव्हतं. ताट समोर यायचं, चहा समोर यायचा. ती निम्मा चहा ठेवायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

मग तो अपघात झाला.

त्या दिवशी इंद्रजीतला पातळ पत्र्याच्या तुकड्याला भोक पाडायचं होतं. माझ्या जबड्यांत आधीच एक सळई होती, अर्धवट कापलेली. ती सोडवायला दांड्याचे चार-पाच फेरे पुरले असते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कंटाळा केला. एवढंसं तर भोक आहे, असं म्हणून त्यानं पत्रा डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं ड्रिल मशीनचा दांडा खाली ओढला. बिट पत्र्यातून आरपार गेला आणि त्याच क्षणी पत्र्यात अडकला. पत्रा पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरला आणि त्याची धार इंद्रजीतच्या तळहातातून गेली.

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. माझ्या जबड्यांत ती सळई होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

ऋतुजा धावत आली. तिनं ओढणी गुंडाळून हात बांधला आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन बोटांच्या शिरा कापल्या होत्या. टाके पडले, प्लास्टर झालं. संध्याकाळी ऋतुजा एकटी शेडमध्ये आली. तिनं जमिनीवरचं रक्त पुसलं. सळई माझ्या जबड्यांत तशीच होती. तिनं दिवा मालवला आणि दाराला कुलूप घातलं. बाहेरून तिचा आवाज ऐकू आला. ती सासूशी बोलत होती.

"आई, एका घरात एक हात गेला तेवढा पुरे. हे सगळं मी विकून टाकणार."



मित्रांनो, बंद शेडमध्ये मी पुष्कळ दिवस काढले. पुन्हा भंगारात जायचं, या विचारानं मन खंतावायचं. पण ऋतुजाचा मला राग आला नाही. तिनं ते रक्त स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

खिडकीतून परस दिसायचं तेवढं एक बरं होतं. आता पायरीवर दोघं बसायची. आईचा डावा हात मांडीवर पडलेला आणि लेकाचा डावा हात गळ्यात अडकवलेला. कचेरीतून रजा होती. इंद्रजीतला सदऱ्याची बटणं लावता येईनात, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. एकदा तो बाटली गुडघ्यांत दाबून धडपडत होता. पाणी सगळं विजारीवर सांडलं. तो चिडला. आई शांतपणे बघत होती.

"बाटली भिताडाला टेकव," ती म्हणाली. "मंग फिरतंय."

त्यानं तसं केलं आणि झाकण फिरलं. तो तिच्याकडं बघत राहिला. असे कितीतरी बारके उपाय तिनं स्वतःच शोधले असणार, कुणाला न सांगता. त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या एका सकाळी ऋतुजा शाळेत गेली होती. दोघांनी पायरीवरच वांगी चिरायला घेतली. बजाबाईनं वांगं पाटावर उजव्या हातानं धरलं आणि इंद्रजीतनं त्याच्या उजव्या हातानं सुरी चालवली. दोघांचे मिळून दोन हात. फोडी एकसारख्या होईनात, एक एवढी मोठी तर एक एवढीशी. आईला हसू आलं. ती या घरात आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होतो.

हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, "इंद्रा, मला गावाकडं जायाचंय."

"तिथं कोण आहे आई तुझं बघायला?"

"कोन कशाला पायजे? शेजारी म्हाळसाबाई हाय. घर हाय."

"आणि स्वयंपाक?"

"मी करीन की."

"एका हातानं?"

बजाबाईनं हातातलं वांगं पाटावर ठेवलं. "तेच तर," ती म्हणाली. "हितं समदं हाय रं. पर मी बसून खाती. जल्मात कदी बसून खाल्लं न्हाय मी."

 त्या दुपारी इंद्रजीत कुलपापाशी येऊन उभा राहिला, जाळीतून आत बघत राहिला आणि परत गेला.

त्याचं प्लास्टर निघालं. बोटं ताठ झाली होती, धड मिटत नव्हती. त्यानं ऋतुजाकडं किल्ली मागितली. तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा मागितली नाही. तिचं म्हणणं चूक नाही, हे त्यालाही कळत होतं.

पुढं काय झालं ते बजाबाईमुळं झालं. एका दुपारी घरात ती एकटीच होती. तिनं विळी परसात आणली, पाय दुमडून बसली आणि कांदा चिरायला घेतला. कांदा विळीवर ठरेना. तिनं तो पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितला, गुडघ्यानं दाबून बघितला. कांदा सटकून मोरीकडं गेला. ती उठली, कांदा आणला आणि पुन्हा बसली. हे असं कितीतरी वेळ चाललं. शाळेतून लवकर आलेली ऋतुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होती. तिनं हाक मारली नाही. कांदा पुन्हा सटकला आणि तो आणायला बजाबाई उठू लागली, तेव्हा ऋतुजा आतून आली, कांदा उचलला आणि सासूच्या शेजारी खाली बसली. 

संध्याकाळी माझ्या दाराचं कुलूप उघडलं. ऋतुजा पुढं होती, इंद्रजीत मागं.

"आईंसाठी काहीतरी करा," ती म्हणाली. "पण पत्रा हातात धरून भोक पाडलेलं मला एकदाही दिसता कामा नये. चष्मा लावायचा. आणि मी घरात असतानाच मशीन चालू करायचं."

"हो," इंद्रजीत म्हणाला.

त्यानं पहिलं काम काय केलं सांगू? माझ्या जबड्यांतली ती सळई सोडवली.

मग शेडचं रूप बदललं. अभ्यासाचं टेबल गेलं. लोखंडी अँगलचं जाडजूड टेबल आलं आणि त्याचे पाय फरशीत पक्के केले गेले. मला चार बोल्टांनी बसवलं. ड्रिल मशीनला स्वतःचा छोटा वाईस मिळाला, माझा धाकटा भाऊच म्हणा. डोळ्यांत कीस जाऊ नये म्हणून आणलेला चष्मा खिळ्याला टांगला गेला. आणि महत्त्वाचं असं की, इंद्रजीतची डावी बोटं धड मिटत नसल्यामुळं त्याला आता प्रत्येक तुकडा माझ्याकडं द्यावाच लागे. पूर्वी तो मला वापरायचा. आता तो माझ्यावाचून अडायचा.

पहिल्यांदा त्यानं एका फळीला खिळे ठोकून उभे केले आणि म्हणाला, "आई, कांदा यावर रोवायचा, म्हणजे हलणार नाही." बजाबाईनं कांदा रोवून चिरला, ते जमलं. मग टोमॅटो रोवला. त्याचा पार लगदा झाला. शिवाय फळी ओट्यावर ठेवायची म्हणून केलेली होती.

"मी हुबी ऱ्हाऊन कदी चिरलंय व्हय?" बजाबाई म्हणाली. "मला बसून पायजे. आन् पाय लावाय जागा पायजे. हात गेला, पाय हायत की."

मग ती पहिल्यांदाच शेडमध्ये आली. तिनं सगळीकडं बघितलं आणि माझ्यापाशी थांबली.

"ह्यो काय करतो?"

"धरतो," इंद्रजीत म्हणाला.

तिनं माझा दांडा फिरवून बघितला. जबडा पुढं आला. पदरात बांधून आणलेली काकडी तिनं माझ्या जबड्यांत ठेवली आणि दांडा आवळला. मित्रांनो, मला आयुष्यभर लोखंड ठाऊक. मी माझ्या सवयीनं धरलं. काकडी मधोमध फुटली आणि पाणी माझ्या आट्यांवरून टपटपलं. मला फार शरम वाटली. पण बजाबाई माझ्यावर रागावली नाही.

"ह्येच पायजे," ती म्हणाली. "निस्तं मऊ कर. आन् पायानं उघडाय पायजे."

त्यानंतर कित्येक रविवार त्या कामात गेले. एक जाड पाट घेतला. त्यावर एक पक्का जबडा आणि एक सरकता जबडा बसवला. मधे सायकलच्या स्टँडची स्प्रिंग घातली, म्हणजे जबडा आपोआप मिटायचा. खाली पायटा केला. पायटा दाबला की जबडा उघडे, पाय उचलला की मिटे. जबड्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. पहिली स्प्रिंग इतकी कडक निघाली की वांगं चपटं झालं. दुसरी इतकी सैल की कांदा आत लोळू लागला. प्रत्येक पट्टी, प्रत्येक बिजागरी माझ्या जबड्यांतून गेली. ज्या कडा बजाबाईच्या पायाला लागतील, त्या इंद्रजीतनं कानशीनं इतक्या गुळगुळीत केल्या की त्यावरून तो स्वतःचा गाल फिरवून बघायचा. भाकरीची परात फिरू नये म्हणून तीन आकड्यांचं एक कडंही त्यानं केलं.

ज्या दिवशी काम पुरं झालं, त्या दिवशी बजाबाईनं परसात बैठक मारली. पायटा दाबला, कांदा ठेवला, पाय उचलला आणि सुरी चालवली. कांद्याच्या चकत्या एकावर एक पडत गेल्या. मग वांगं. मग टोमॅटो, त्याला नुसता हलका दाब बसला. त्यानंतर तिनं परात कड्यात बसवली आणि एका हातानं भाकरी थापली. भाकरी जाड झाली आणि एका बाजूला कलली.

ऋतुजानं ती तव्यावर भाजली आणि तुकडा मोडून खाल्ला. "जाड झालीय, आई," ती म्हणाली.

"हुईल पातळ," बजाबाई म्हणाली आणि दुसरा गोळा घेतला.

पुढच्या आठवड्यात ती गावाला गेली. जाताना तिनं ते यंत्र लुगड्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतलं, डिकीत ठेवू दिलं नाही. इंद्रजीत तिला पोचवून परत आला तो थेट शेडमध्ये. दिवा लावला नाही. माझ्या शेजारी टेबलाला टेकून उभा राहिला. परसातली पायरी रिकामी होती. थोड्या वेळानं ऋतुजा दारात आली.

"जेवायला चला."

"मीच केलं ना ते," तो म्हणाला. "मीच आईला घालवली."

"त्या त्यांच्या घरी गेल्या," ऋतुजा म्हणाली. "इथं त्या आपल्या दोघांच्या घरी होत्या."

 तो जेवायला गेला. त्यानंतर काही रविवार तो शेडकडं फिरकलाच नाही. माझ्या आट्यांवर धूळ बसली. मला वाटलं, संपलं आपलं काम.

एक दिवस बजाबाईचा फोन आला. इंद्रजीत बोलत बोलत परसात आला, तेव्हा मला दोघांचंही बोलणं ऐकू आलं, कारण ती मोठ्यानं बोलते.

"इंद्रा, म्हाळसाबाईला पन तसलंच एक पायजे."

"तिला कशाला?"

"आरं, कडबाकुट्टीच्या मशिनीत तिची बोटं न्हाय का गेली मागं? इतकी वरसं अडचन कुनाला बोलली न्हाय. माजं बगून काल रडली. पर ध्यानात ठीव, तिची उजव्या हाताची बोटं न्हाईत. समदं उलट्या अंगानं करावं लागंल. आन् पाऊल बारकं हाय तिचं. माप घ्यायाला तूच ये."

"रविवारी येतो," इंद्रजीत म्हणाला.

"ये. भाकरी खाऊन जा. पातळ हुतीया आता."

मित्रांनो, मागच्या रविवारी तो गावाला जाऊन आला. आज सकाळी त्यानं शेडमध्ये आल्या आल्या माझ्यावरची धूळ ब्रशनं झाडली आणि आट्यांना तेल दिलं. खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्यावर पेन्सिलीनं एका छोट्या पावलाची आकृती काढलेली आहे. तो पुठ्ठा त्यानं माझ्यासमोर भिंतीला लावला आहे.

तुमच्यापैकी कुणाला असा छोटासा कारखाना घरी मांडायचा असेल, तर जरूर मांडा. माझी विनंती एवढीच. आधी धरणारं आणा, मग कापणारं आणा. हात घालण्याआधी चार फेरे फिरवायचा कंटाळा करू नका. आणि काम झालं की आम्हांला पुसून, तेल देऊन ठेवा. गंजलेला जबडा कुणाच्याच उपयोगी पडत नाही. आणि तुमच्या घरात कुणी पायरीवर निम्मा चहा ठेवून भिंतीकडं बघत बसत असेल, तर त्यांना काय जमत नाही, एवढंच एकदा जवळ बसून विचारा.

आता ऋतुजा परसात वह्या तपासायला बसली आहे. इंद्रजीतनं चष्मा लावला आहे. नव्या पायट्याची पट्टी त्यानं माझ्या जबड्यांत ठेवली आहे आणि दांडा आवळतो आहे. मी ती धरली आहे.